पाण्यातली साखर

तीस वर्षं मी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात लघवी उकळली. ऐकायला कसंतरी वाटतं, पण त्या कामात एक ऐट होती. निळं द्रावण परीक्षानळीत घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी होत विटेसारखं लाल झालं, की पेशंटचं गोड बंद. द्रावण मीच बनवायचो, त्यामुळे बोटं कायम निळी. होणारे डॉक्टर मला 'निळेकाका' म्हणायचे. अक्षरं मी चाळिशीनंतर शिकलो, पण रंग वाचायला मला कोणाची शिकवणी लागली नाही.

मग पट्ट्या आल्या, आणि पट्ट्यांच्या मागोमाग माझ्या धाकट्या भावाची मुलगी आली. पट्टी बुडवायची, तीस आकडे मोजायचे, डबीवरच्या रंगांशी लावून बघायची, झालं काम. माझी खुर्ची तिला मिळाली आणि मला मोरीजवळ बाटल्या धुवायला बसवलं. तिचे सहा महिने परीक्षेचे होते. येत्या शुक्रवारी प्रोफेसरबाई शेरा देणार होत्या, कायम की घरी.

पोरगी गुणी होती. तेच तर खुपत होतं. मठ्ठ असती तर मी तिला जीव लावला असता.

"पोटात दुखतंय तुमच्या," बायको म्हणाली.

"अपचन आहे."

"हो, सहा महिन्यांचं!"

सोमवारी ॲम्ब्युलन्सच्या पाच ड्रायव्हरांची वार्षिक तपासणी होती. तिघांच्या पट्ट्या हिरव्या झाल्या. त्यातला एक जाडजूड ड्रायव्हर तर ओरडलाच, "अहो ताई, मी चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो! बायको घालतच नाही!" तिघांचं रक्त तपासलं. साखर अगदी नीट. मंगळवारी आणखी दोन पेशंटांचं तसंच झालं. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "तू रंग वाचायला चुकतेस की आकडे मोजायला?" पोरीची मान खाली गेली. मी तिकडे पाठ करून बाटल्या धूत होतो. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला जेवण चांगलं गेलं.

दुपारी मी ते उरलेले नमुने जुन्या पद्धतीने उकळून पाहिले. एकूण एक निळे. माझं द्रावण खरं बोलत होतं आणि तिची पट्टी खोटं! एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण माणसाचं मन एकदा जळायला लागलं की त्याला सरपण पुरत नाही. मी डबीतून एक पट्टी उचलली, रॅकमधली धुतलेली बाटली घेतली, नळाचं पाणी भरलं आणि पट्टी बुडवली. हिरवी! नुसत्या पाण्यात साखर! मी एकटाच मोठ्याने हसलो.

बुधवारी बाईंचा वर्ग प्रयोगशाळेत होता. चाळीस पोरंपोरी. त्यातला एक उंच मुलगा नेहमीसारखा कुरकुरत होता, "मॅडम, आम्ही डॉक्टर होणार. रसायनशास्त्र इतकं कशाला?" मी ती पाण्याची बाटली घेऊन मधे गेलो.

"बाई, एक नमुना राहिलाय. हिला बघायला सांगा."

पुतणीने पट्टी बुडवली, ओठांत आकडे मोजले. "साखर आहे," ती हळूच म्हणाली.

"नळाचं पाणी आहे ते," मी म्हणालो. "आता म्युनिसिपालिटीलाच इन्शुलिन द्या!"

वर्गात हशा पिकला. पोरं टेबलं बडवायला लागली. बाई हसल्या नाहीत. पुतणीचा चेहरा पांढरा पडला, पण ती रडली नाही. तिने पिण्याच्या पाण्याचा स्वच्छ ग्लास घेतला, त्याच नळाचं पाणी भरलं, नवी पट्टी बुडवली. तीस आकडे झाले. पट्टीचा रंग हलला नाही.

तिने ग्लासकडे पाहिलं, माझ्या बाटलीकडे पाहिलं.

"काका, बाटल्या कशाने धुता?"

साबण शनिवारी संपला होता. नवा मागवायचा मला कंटाळा आला. 'खुर्ची तिची, घासायचं मी?' असं म्हणत मी बाटल्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवत होतो आणि जेमतेम एकदा विसळून रॅकला लावत होतो. हे कोणी पाहिलं नव्हतं. 'साबणाने' एवढंच म्हटलं असतं, तर शुक्रवारी पोरगी घरी आणि मी पुन्हा खुर्चीत.

सगळे माझ्याकडे बघत होते. पण तिने चोर पकडल्यासारखं विचारलं नव्हतं. कामातल्या माणसाला विचारतात तसं विचारलं होतं. निळं असताना मी तीस वर्षांत कधी लाल सांगितलं नव्हतं.

"ब्लीचिंगने," मी म्हणालो. "नीट विसळल्या नाहीत. पट्ट्या बरोबर वाचल्या तिने. चूक माझी आहे."

बाईंनी तिच्या हातात खडू दिला. तिने फळ्यावर समजावलं, की पट्टी साखरेला ओळखतच नाही. साखरेमुळे पट्टीवर एक द्रव्य तयार होतं, ते रंग बदलतं. ब्लीचिंग पावडर मधली पायरी गाळून थेट रंगालाच हात घालते. माझ्या द्रावणाची रीत उलटी, म्हणून ते फसलं नाही. बाई त्या उंच मुलाला म्हणाल्या, "हे माहीत नसतं, तर नुसती पट्टी बघून तीन धडधाकट ड्रायव्हरांना तू गोळ्या सुरू केल्या असत्यास." चाळीस माना खाली गेल्या आणि चाळीस पेनं चालू लागली. तीस वर्षं मी हाताने करत आलो, ते ती पोरगी पाच मिनिटांत तोंडाने सांगत होती. माझ्या नळीपुढे असं कोणी कधी लिहून घेतलं नव्हतं.

शुक्रवारी ती कायम झाली. मला बाईंनी ताकीद दिली, प्रत्येक बाटली तीनदा विसळायची. संध्याकाळी पोरगी मोरीपाशी आली.

"काका, तुम्ही पाणी तपासून पाहिलंत म्हणून मी वाचले. घरी गेल्यावर बाबांना हेच सांगणार आहे."

मी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. टोमणा असेल असं वाटलं. नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, उलट उत्तर देता आलं असतं. ते पाणी मी कशासाठी आणलं होतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"सांग," मी म्हणालो, आणि पुढची बाटली नळाखाली धरली.