लाटण्याची मूठ

मित्रांनो, मी इंग्लंडमध्ये एकोणीसशे अडुसष्ट साली जन्मलेली एक जुनी मोटार आहे. रंग गडद हिरवा, दारं दोनच. एका दमात दोन देश ओलांडले तरी आतला माणूस थकू नये, अशा लांबच्या प्रवासासाठी मला घडवलं होतं.

माझा प्रवास मात्र कुर्ल्याच्या भंगारात संपणार होता. विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर असलेल्या राजारामांनी मला तिथून उचललं. पुढे त्यांनी एक लाल इटालियन गाडीही आणली. मुलुंडला त्यांच्या सोसायटीच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलो. ती देखणी, पण तापली की रुसायची. मी साधी, पण हाकेला उठायची.

माझ्या गिअरची मूठ फुटली होती. तशी इथे मिळेना, म्हणून राजारामांनी घरातल्या मोडक्या लाटण्याचं टोक कापलं, तासलं आणि बसवलं. दर रविवारी त्यावर हात ठेवून ते म्हणायचे, "चल गो बाय." कोकणात लेकीला अशीच हाक मारतात. त्यामुळे त्यांची मुलगी श्रुतिका घरातून धावत यायची.

"काय बाबा?"

"तुका नाय गो, गाडयेक सांगतंय."

"मग दोघींना वेगळी नावं ठेवा ना."

त्यांनी ती कधी ठेवली नाहीत.

गेल्या वर्षी राजाराम गेले. सोसायटी पुनर्विकासाला निघाली. नव्या इमारतीत श्रुतिकाला एकच गाडी ठेवता येणार होती. म्हणून जुन्या मोटारी जमवणारे अंधेरीचे हर्षद आले. आमच्यातली एक त्यांना हवी होती. दुपारभर ते आमची तुलना करत होते.

"लाल गाडीचा प्रत्येक भाग मूळचा आहे, पण इंजिन उघडावं लागेल. हिरवीचं इंजिन धड आहे. मी हिरवीच घेतो." मग मूठ पाहून ते हसले. "हे काय, गाडीत पोळ्या लाटत होते का?"

"आईचं लाटणं होतं," श्रुतिका म्हणाली.

"हरकत नाही, हे काढून टाकू. मूळची मूठ इंग्लंडहून मागवतो. गाडी कशी, कारखान्यातून आत्ता निघाल्यासारखी हवी."

श्रुतिकाने मुठीवर हात ठेवला. अंगठ्याच्या जागी लाकूड खोलगट झालं होतं. तिचा अंगठा त्यात सैल पडला. तो खळगा मोठ्या हाताचा होता.

"तुम्ही लाल घेऊन जा," ती म्हणाली.

"अहो, पण तिचं केवढं काम निघेल!"

"तुम्हाला मूळची हवी ना? तीच आहे."

चार दिवसांनी लाल गाडी गेली. तिच्या जागी तेलाचा डाग उरला. रविवारी श्रुतिका माझ्यात येऊन बसली. किती महिने मी सुरूच झाले नव्हते. तिने किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. मी नुसती खोकले. मग मुठीवर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "चल गो बाय."

हाक ओळखीची होती, आवाज नवा होता. मी उठले. घरातून मात्र कुणी धावत आलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूची धूळ पुसा, तेलपाणी करा. पण तिच्यावर कुणाच्या हाताची झीज असेल, तर तेवढी राहू द्या. आणि अधूनमधून हाक मारा. आम्ही ओ देतो.