दोन ग्रॅम माती

डाग काढावा तो काकूंनीच. धुलाईच्या दुकानात डागांच्या टेबलावर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती आणि त्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. शाई असो, गंज असो, वंगण असो, आधी दोन बोटांत चोळून बघायचं, हे काय आहे ते ओळखायचं आणि मग त्याचा निकाल लावायचा. नोकरी संपली तरी बोटं काही निवृत्त झाली नाहीत. घराबाहेर जाणारी कुठलीही वस्तू पुसल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. छत्री, चष्मा, डबा, आणि वेळेत हलले नाहीत तर काकासुद्धा.

काका विजेची मीटरं वाचायचे. त्यांचाही एक नियम होता. आकडा एकदाच बघायचा, लिहायचा आणि पुढचं दार गाठायचं. परत बघायला माघारी फिरतो तो मीटरवाला नव्हेच, असं ते नव्या पोरांना बजावायचे. चौतीस वर्षांत ते एकदाही माघारी फिरले नव्हते. आकडे चुकले असतील तर ते लोकांनी गुमान भरले असतील, त्याला काका काय करणार!

अशी ही दोन माणसं एका घरात. आता अशा घरात विमानं यावीत कशाला? पण आली.

निवृत्तीनंतर तिसऱ्याच महिन्यात काकांना रॉकेट-ग्लायडरचा नाद लागला. म्हणजे पिसासारख्या हलक्या लाकडाचं वीतभर विमान. त्याच्या पाठीवर पुठ्ठ्याच्या नळीतलं इंजिन. बटण दाबलं की ते रॉकेटसारखं सरळ वर जातं, वर पोचलं की इंजिन गळून पडतं आणि मग नुसतं विमान घारीसारखं घिरट्या घालत सावकाश खाली येतं. निदान यावं अशी अपेक्षा. काकांनी सहा वर्षांत अशी अकरा विमानं बनवली. अकराही वर झकास गेली. इंजिन गळलं की नाक वर करायची, क्षणभर थबकायची आणि कोलांटी खाऊन दगडासारखी आपटायची.

काकांची एक वही होती. प्रत्येक विमानाला एक पान आणि पानाच्या तळाशी पडण्याचं कारण. ‘वारा.’ ‘गोंद जुना.’ ‘लाकूड दमट.’ ‘पुन्हा वारा.’ अकराव्या पानावर नुसतं ‘मी’ असं लिहिलं होतं.

ते पान काकूंनी वाचलं. आधी त्यांना बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. नाद सुटेल, जेवणाच्या टेबलावर जेवता येईल. काकांनी जाहीरही करून टाकलं की बारावं पडलं की सगळा पसारा भंगारात. पण मग काका बरणी पुढे करून म्हणायला लागले, “उघडतेस का? माझ्याच्यानं होत नाही.” बरणीचं झाकण सैल होतं. मग दिवा बदलायला त्यांनी शेजाऱ्याला बोलावलं. मग एकदा शर्टाचं बटण लावता लावता अर्ध्यावर सोडून म्हणाले, “या हातात आता काही राहिलं नाही बघ.” उरलेली बटणं काकूंनी लावली. माणूस डोळ्यांदेखत विरत चालला होता आणि हा डाग काही त्यांना निघणारा नव्हता. बारावं विमान उडायलाच हवं होतं.

शनिवारी संध्याकाळी काकांनी बारावं विमान घरातल्या बोळात हातानं सोडून बघितलं. स्वयंपाकघराच्या दारातून निघालं ते थेट मोरीपर्यंत तरंगत गेलं आणि काकूंच्या पायपुसण्यावर अलगद टेकलं.

“उडतंय की हो!” काकू म्हणाल्या.

“घरात सगळीच उडतात,” काका म्हणाले. “बाहेर गेली की पडतात.”

रविवारी सकाळी काका आंघोळीला गेले आणि काकूंनी फडकं घेतलं. पंख पुसले, शेपटी पुसली, नाकाखाली नेहमीप्रमाणे काहीतरी तपकिरी चिकट घाण लागली होती. हात धुऊन कामाला बसा म्हणून सहा वर्षं कानीकपाळी ओरडत होत्या, पण ऐकतो कोण? नखानं ती उचलली, सवयीनं दोन बोटांत चोळून तिची गोळी केली आणि केरात टाकली. विमान लख्ख झालं.

“मीही येते आज,” त्या म्हणाल्या.

“ये,” काका म्हणाले. “चार माणसं असलेली बरी अशा वेळी.”

गावाबाहेर गोदामांच्या मागे मोकळं मैदान होतं. तिथं हे सगळे वेडे दर रविवारी जमायचे. सगळे म्हणजे तिघं-चौघंच. त्यातले औषधांच्या दुकानवाले काकूंच्या ओळखीचे होते. ते आपलं विमान मांडीवर घेऊन बसले होते. काका पंधरा पावलांवर गुडघे टेकून, विमान जमिनीत रोवलेल्या सळईवर चढवून त्याला बटणाच्या तारा जोडत होते. काकूंनी गप्पा मारता मारता औषधवाल्यांच्या विमानाकडे पाहिलं. नाकाखाली तीच तपकिरी घाण.

“भाऊ, हे काय लागलंय बघा,” असं म्हणत त्यांनी ती नखानं उचललीसुद्धा.

“अहो काकू! काय करताय? वजन आहे ते!”

“कसलं वजन?”

“नाकाचं! पोरांच्या खेळण्यातली माती. दोन-दोन तास मोजून लावतो आम्ही. ती असली तर विमान तरंगतं. नसली तर नाक वर करतं आणि कोलांटी खाऊन आपटतं. काकांना विचारा ना, तेही लावतात.”

काकूंनी नखावरची माती परत औषधवाल्यांच्या तळहातावर ठेवली. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वारा नव्हे, गोंद नव्हे, दमट लाकूड नव्हे. अकरा रविवार, अकरा आंघोळी, अकरा फडकी. आणि अकराव्या पानावर त्या माणसानं स्वतःचं नाव लिहिलं होतं.

त्या काकांजवळ गेल्या. “अहो,” म्हणाल्या.

“आता बोलू नकोस. तार निसटतेय.”

दोनदा जोडलेली तार पुन्हा त्यांच्या बोटांतून सुटली. काकूंच्या ओठांवर आलेलं सगळं जागच्या जागी विरलं. त्या तशाच माघारी आल्या.

“भाऊ, थोडी माती द्या.”

“किती?”

“ते माझं मी बघते.”

औषधवाल्यांनी चिमूटभर दिली. “काकू, अंदाजानं नाही चालत हो. प्रत्येक विमानाचं वेगळं असतं.”

पण काकांची विमानं एकाच मापाची असत आणि एकदा मोजलेलं काका पुन्हा कशाला मोजतील? ती गोळी बारा वेळा काकूंच्या बोटांतून गेली होती, बारावी तर आज सकाळीच. त्यांनी माती चोळली. जास्त झाली. नखाएवढी काढली, पुन्हा चोळली. अजून कणभर काढली. बोटं म्हणाली, हां, हीच. त्या काकांच्या शेजारी वाकल्या आणि गोळी विमानाच्या नाकाखाली दाबली.

“काय करतेस?”

“पुसतेय.”

“सकाळी पुसलंस ना?”

“राहिलं होतं थोडं.”

काकांनी बटण दाबलं. फुस्स आवाज झाला, धूर झाला आणि विमान दिसेनासं झालं. मग वर कुठंतरी टप्प असा बारीक आवाज आला. इंजिन गळलं. काकांनी डोळे मिटून घेतले, कारण पुढचं त्यांना पाठ होतं. काकूंनी मिटले नाहीत. नाक वर होतंय का, होतंय का? किंचित झालं. काकूंनी पदर तोंडात धरला. आणि मग ते कार्टं एका पंखावर कललं आणि गोल फिरायला लागलं. सावकाश. घाई अशी नाहीच. गोदामांच्या छपरांवरून एक चक्कर, मैदानावरून दुसरी, तिसरी.

“काका, डोळे उघडा हो!” औषधवाले ओरडले.

एक मिनिट बारा सेकंद. काकांपासून सात-आठ पावलांवर ते गवतात टेकलं. काका त्याच्याकडे धावले नाहीत. तिथंच उभं राहून म्हणाले, “आलं.” मग रुमाल काढून बराच वेळ नाक पुसत राहिले.

घरी आल्याआल्या काकांनी बरणी उघडली, स्वतः. चहा केला, तोही स्वतः. आणि वही काढून बाराव्या पानावर लिहायला बसले, ‘यशाचं कारण: गोंद ताजा.’

गप्प बसायला काय हरकत होती? माणूस खूश होता. पण काकूंना ती अकरा पानं दिसत होती, आणि त्या अकराव्या पानावरचा डाग त्यांनीच पाडलेला होता.

“गोंद नव्हे,” त्या म्हणाल्या. “नाकाखालची माती. मी दर वेळी काढून टाकायची. मला घाण वाटायची.”

काकांनी पेन खाली ठेवलं. “दर वेळी?”

“आजसुद्धा. आज परत लावली.”

“सहा वर्षं!” काका असे कडाडले की चहाचा कप हलला. इतका मोठा आवाज या घरात बऱ्याच वर्षांत निघाला नव्हता. “सहा वर्षं मी स्वतःला नालायक समजतोय!”

“हो,” काकू म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. “चुकलं माझं. हवं तेवढं बोला.”

काका उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. मग अगदी हळू म्हणाले, “म्हणजे अकराही बरोबर होती?”

“तुमच्या हातून निघाली तोवर बरोबरच होती.”

“आणि मैदानावर मी एकदाही नाकाखाली बघितलं नाही. आदल्या रात्री बघितलं होतं ना!” ते खुर्चीत बसले. वही पहिल्या पानापासून उघडली. ‘वारा’ खोडलं, पुढे लिहिलं, ‘पुसलं.’ ‘गोंद जुना’ खोडलं. ‘पुसलं.’ असं करत अकराव्या पानापर्यंत आले. ‘मी’ हा शब्द त्यांनी चांगला चार वेळा खोडला.

मग त्यांनी कपाटातून मातीचा डबा आणि छोटा वजनकाटा काढून काकूंसमोर ठेवला. “कर गोळी.”

काकूंनी डोळे पुसले, बोटं पुसली आणि गोळी केली. काकांनी ती काट्यावर ठेवली. दोन ग्रॅम. आकडा बघितला, आणि मग चष्मा काढून, काच शर्टाला घासून, दुसऱ्यांदा बघितला. दोनच.

“तेराव्याला तूच लावायची,” ते म्हणाले.

“आणि पुसू नको?”

काकांनी जरा विचार केला. “पूस की. आधी पूस, मग लाव.”