माझ्या पाठीवरचे खिळे

मी एक जुना किल्ल्यांचा बोर्ड आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. तुमच्या शाळेची दारं सकाळी वेळेवर उघडतात ती माझ्यासारख्या कुणाच्या तरी जिवावर, फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्यांच्या नव्हे.

प्रयोगशाळेच्या एका मोडक्या बाकातून माझा जन्म झाला. सुताराने फळी काढली, रंधा मारला, तीस हुक बसवले आणि कार्यालयाबाहेर, सातवीच्या वर्गासमोर, मला दोरीने भिंतीवर टांगलं. माझ्या शेजारी स्टुलावर शिपाई मावशी बसतात. शाळा बंद करताना त्या ज्या क्रमाने चालत, त्याच क्रमाने त्यांनी किल्ल्या लावल्या: आधी वरचा मजला, मग मधला, शेवटी फाटक. नियम एकच होता. किल्ली न्यायची तर त्या हुकावर आपली खूण अडकवून जायची. खेळाच्या सरांची खूण म्हणजे फुटकी शिट्टी, इंग्रजीच्या बाईंची कोटाचं मोठं बटण, प्रयोगशाळेच्या मदतनीसाची बाटलीचं बूच. मुख्याध्यापिकांनाही सूट नव्हती, त्यांची जुन्या चष्म्याची काडी असे. हुकावर किल्ली तरी असायची, नाहीतर खूण. मी भंगाराच्या दुकानासारखा दिसायचो, हे कबूल. पण अठरा वर्षांत एकही किल्ली हरवली नाही.

मग नवे पर्यवेक्षक सर आले. त्यांच्या खिशाला चार रंगांची चार पेनं, उंचीप्रमाणे लावलेली. त्यातलं लिहिणारं एकच. 'सिस्टिमॅटिक' हा त्यांचा लाडका शब्द. चहाच्या कपांचे कान एका दिशेला वळवले की सिस्टिमॅटिक. मुलांनी वह्यांना एकाच रंगाची कव्हरं घातली की सिस्टिमॅटिक. वहीत काय लिहिलंय ते उघडून बघायची तसदी त्यांनी कधी घेतली नाही.

पहिल्याच दिवशी ते माझ्यासमोर उभे राहिले. "मावशी, हा काय कचरा लटकवलाय?"

"कचरा नाही सर, खुणा आहेत त्या. किल्ली कुणी नेली ते कळतं."

"काढून टाका. जरा सिस्टिमॅटिक राहायला शिका."

मला पांढरा रंग फासला. छापील चिठ्ठ्या चिकटवल्या. किल्ल्या चक्क लहान-मोठ्या आकाराप्रमाणे टांगल्या, फोटोसाठी मुलं उभी करतात तशा. शेजारी एक रजिस्टर बांधलं. किल्ली नेणाऱ्याने त्यात नाव लिहायचं. आठवडाभर चौघांनी लिहिलं, मग दोरीचं पेन नाहीसं झालं आणि विषय मिटला. सरांनी स्वतः तर एकदाही लिहिलं नाही. पाहुणे आले की ते त्यांना माझ्यापुढे आणून उभे करत आणि पाहुणे म्हणत, "वा, किती सिस्टिमॅटिक." शहाणी म्हणवणारी माणसं इतक्या स्वस्तात खूश होतात, हे मला तेव्हा समजलं.

सगळ्यात जास्त मी खजील झालो तो इंग्रजीच्या बाईंमुळे. सातवीला त्या शब्दार्थ शिकवत होत्या. म्हणाल्या, "सिस्टिमॅटिक म्हणजे नीटनेटका. उदाहरण हवं तर तो समोरचा बोर्ड बघा." चाळीस माना माझ्याकडे वळल्या. इतक्या चांगल्या बाईंनीही रंगाला भुलावं, याचा मला संताप आला.

एका मधल्या सुट्टीत मावशींनी मला उलटं केलं आणि माझ्या पाठीवर तीस खिळे ठोकले, जुन्या क्रमाने. त्यानंतर किल्ली नेणारा आपली खूण गुपचूप मावशींच्या हातात देई आणि त्या ती मागच्या खिळ्यावर अडकवत. शाळेत सरांपेक्षा मावशींना घाबरणारे जास्त होते. माझं तोंड पाहुण्यांसाठी होतं आणि पाठ कामासाठी.

एके दिवशी वरून दार बडवल्याचा आवाज आला. इंग्रजीच्या बाई शब्दकोश आणायला पुस्तकांच्या खोलीत गेल्या होत्या. दार उघडंच होतं. वाऱ्याने ते आपटलं आणि कुलूप आपोआप बसलं. आतून मूठ तुटलेली, दार लोखंडी. बाईंना दमा होता, आत धूळ होती, आणि दम्याचा पंप खाली पर्समध्ये राहिला होता. सगळे माझ्याकडे धावले. त्या खोलीचा हुक रिकामा होता.

"घाबरू नका," सर म्हणाले. "आपण सिस्टिमॅटिक शोध घेऊ." त्यांनी सगळ्यांना नोकरीच्या वर्षांप्रमाणे रांगेत उभं केलं आणि एकेकाला विचारून कागदावर टिपायला लागले. वरचं बडवणं हळू होत गेलं. मला वाचा असती तर मी त्या माणसाला शिव्या घातल्या असत्या.

मावशींनी मला उलटं केलं.

"हे बघा. शिट्टी मैदानाच्या खोलीच्या खिळ्यावर. बूच प्रयोगशाळेच्या. काडी कार्यालयातल्या कपाटाच्या. पुस्तकांच्या खोलीचा खिळा मोकळा. म्हणजे ज्यांची खूण आहे त्यांच्यापैकी कुणी ती किल्ली नेलेली नाही. खूण नसलेलं माणूस शाळेत एकच आहे, सर. खिसा बघा."

सरांचा हात पँटच्या खिशात गेला. सकाळी पाहुण्यांना पुस्तकांची रांग दाखवायला तेच वर गेले होते.

"अरे, हो," ते म्हणाले. एवढंच म्हणाले.

मावशींचे गुडघे दुखरे, पण किल्ली हिसकावून त्या पंप घेऊन जिना चढल्या. मग वर काहीच ऐकू येईना. तेवढा वेळ मी भिंतीला नुसता टांगलेला होतो, आणि मला फार भीती वाटली. शेवटी जिन्यावरून कुणीतरी ओरडून सांगितलं की बाईंना श्वास घेता येतोय.

पाच दिवसांनी बाई सातवीत परत आल्या. "मी तुम्हाला एका शब्दाचा चुकीचा अर्थ सांगितला होता. वहीत खोडा तो," त्या म्हणाल्या. "सिस्टिमॅटिक म्हणजे ठरलेलं काम ठरलेल्या क्रमाने, दर वेळी, कुणी बघत नसलं तरी करणं."

मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मग बोर्ड सिस्टिमॅटिक नाही का?"

"बोर्ड नाही. मावशी आहेत."

मला राग आला नाही. मी फळी आहे, माझी पायरी मला ठाऊक आहे.

खुणा आता पुन्हा माझ्या तोंडावर आल्या. सरांनी स्वतःची खूण पितळेची करून घेतली, वर सगळ्या पदव्या कोरलेल्या. परवा ती न लावताच ते हॉलची किल्ली घेऊन निघाले होते. मावशींनी अर्ध्या जिन्यावरून परत बोलावलं. सर मुकाट्याने खाली आले, आणि सातवीचा अख्खा वर्ग दारातून बघत होता.

मित्रांनो, माझा रंग उडालाय, दोन हुक वाकलेत. नवा रंग नका देऊ, हुक तेवढे सरळ करा. आणि किल्ली नेलीत तर खूण ठेवून जा. बंद दाराच्या आत कोण आहे, हे तुम्हाला बाहेरून दिसत नाही.