कॉलरीचं डावं टोक

डॉक्टरांनी आपलं बोट मामांच्या डाव्या कानाजवळून हळूहळू पुढे आणलं आणि म्हणाले, "दिसलं की सांगा."

मामा समोर बघत बसले होते. बोट गालापाशी आलं तरी मामा गप्पच. ते जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा कुठे म्हणाले, "हां, आलं."

मागे स्टुलावर त्यांची भाची बसली होती. तिला सगळे डावरी म्हणत, कारण जेवण सोडून बाकी सारं ती डाव्या हातानं करी. हे नाव मामांनीच ठेवलेलं आणि ब्रश हातात दिला तोही मामांनीच.

"काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत," डॉक्टर म्हणाले. "डावीकडची नजर जास्त गेलीय. हा काही एका दिवसात होत नाही. बाजूनं कुरतडत येतो, ज्याचं त्याला कळत नाही. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही? ताटातलं एका बाजूचं राहून जाणं, दाराला खांदा लागणं?"

मामा हसले. "अहो, मी लेसच्या कॉलरी रंगवतो. सुईच्या टोकाएवढं काम. नजर गेली असती तर कॉलर अपुरी नसती राहिली? विचारा हिला."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मामांनीही पाहिलं, मोठ्या भरवशानं.

"कामात काही फरक नाही," डावरी म्हणाली.

डॉक्टरांनी थेंब लिहून दिले. गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते सांभाळायचं, म्हणाले. आणि काहीही बघताना मान पूर्ण डावीकडे वळवायची सवय लावा. जरा आधी आला असतात तर, एवढंच पुढे बोलले आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

त्या दोघांचं काम असं, की जुन्या काळातल्या युरोपी उमरावांच्या तैलचित्रांच्या हुबेहूब नकला करायच्या. काळी मखमल, मिशीला पीळ, एक हात कमरेवर, आणि चेहरा सासुरवाडीला मानपान कमी पडल्यासारखा. हॉटेलवाले नाही तर वकील लोक ही चित्रं घेत. घराण्यात कुणी उमराव नसला तरी भिंतीवर असलेला बरा. चेहरे आणि मखमल डावरीची, कॉलर मामांची. दाट पांढऱ्या रंगाचे ठिपके आणि बारीक वळसे, बघणाऱ्याच्या उजवीकडून डावीकडे. तिथे दुसऱ्या कुणाचा ब्रश लागलेला मामांना खपत नसे.

मामी गेल्या, त्यानंतर थोड्याच दिवसांत पहिल्यांदा तसं झालं. मामा "झाली कॉलर" म्हणून उठले आणि डावरीनं पाहिलं तर डावं टोक कोरं. खालचा तपकिरी रंग तसाच उघडा. तिला वाटलं, माणसाचं मन थाऱ्यावर नाही. दुखऱ्या जागी कशाला बोट लावायचं? "तुम्ही निघा मामा, ब्रश मी धुते," ती म्हणाली आणि ते गेल्यावर तिनं टोक भरून टाकलं. पुढच्या कॉलरीलाही तेच. मग तो रिवाजच पडला. खरं सांगायचं तर पुढे पुढे तिला त्याचं कौतुकही वाटायला लागलं होतं, स्वतःचंच. मामांना आपण कसं सांभाळून घेतो, आणि त्यांना पत्ताही लागू देत नाही. कसलं सांभाळणं आणि कसलं काय. ते कोरं टोक तेवढं ओरडून सांगत होतं, आणि ही बया रोज त्याच्या तोंडात बोळा कोंबत होती.

दुसऱ्या दिवशी मामा नेहमीसारखे कामाला आले. डोळ्यांत थेंब घातले, भिंग लावलं आणि नव्या उमरावाच्या कॉलरीला बसले. डावरी शेजारच्या चित्रातल्या मिशीवर काम करत होती. काम कसलं, एकच केस तिनं तीनदा पुसला. आता सांगते, आता सांगते, असं करत दुपार उलटली.

"झाली," मामा म्हणाले. उठता उठता त्यांना डॉक्टरांचं बोलणं आठवलं असावं. ते पुन्हा बसले आणि त्यांनी मान पूर्ण डावीकडे वळवली.

कॉलरीचं डावं टोक कोरं होतं.

मग भिंग घेऊन ते भिंतीशी गेले. तिथे वाळायला ठेवलेली चित्रं ओळीनं उभी होती. प्रत्येकापुढे वाकून, मान वळवून, त्यांनी कॉलरीचं डावं टोक पाहिलं. डावरी कोरडा ब्रश फडक्यानं पुसत राहिली.

"इथले वळसे उलटे पडलेत," मामा म्हणाले.

"हो."

"सगळ्यांचेच."

"हो, मामा."

ते परत येऊन खुर्चीवर बसले. आवाजात राग नव्हता. रागावले असते, दोन शब्द टाकून बोलले असते, तर तिला सोपं गेलं असतं.

"तुझी मामी गेली तेव्हा वाटलं होतं, आता आपल्याच्यानं हे होणार नाही. मग सकाळी येऊन दारातूनच बघायचो, तर कॉलर पुरी. म्हणायचो, चला, एवढं तरी राहिलंय आपल्याकडे."

"मामा, काल डॉक्टरांसमोर मी..."

"ऐकलं मी."

त्यांनी आपला बारीक ब्रश रंगात बुडवला, टोक नीट केलं आणि तिच्यापुढे धरला.

"भर."

"नको मामा. राहू दे तसंच."

"अपुरं काम द्यायचं का बाहेर? भर. उलटे पडले वळसे तर पडू देत." त्यांनी खुर्ची ओढून चित्राच्या डाव्या अंगाला घेतली. "फक्त आता मी असताना भर."

डावरीनं ब्रश घेतला. इतक्या कॉलरींचं ते टोक तिनं डोळे मिटून भरावं तसं भरलं होतं. आज पहिला ठिपकाच पडेना. तिनं ब्रशचं टोक पुन्हा नीट केलं. मामा मान पूर्ण वळवून, तिच्या हाताकडे बघत, शांत बसून होते.