दैवशालाचं शपथपत्र

संपतचा फोन तिसऱ्यांदा आला तेव्हा भारतने वेल्डिंगचा टॉर्च खाली ठेवला, उजवा हातमोजा दातांनी ओढून काढला आणि फोन कानाला लावला.

“दादा, वहिनी गेली.”

“कुठं गेली?”

पलीकडून काही वेळ नुसतं रडणं ऐकू आलं. मग धाकट्या भावाने तुटक तुटक सांगितलं. ताप होता. डेंग्यू निघाला. भोकरदनच्या डॉक्टरने संभाजीनगरला न्यायला सांगितलं. तिथं नेलं, पण उशीर झाला होता.

“मला कामून सांगितलं न्हाई?”

“डेंग्यू हाय ते आम्हालाच काल कळलं, दादा.”

भारतने फोन खिशात टाकला. समोर धान्याच्या कोठीचा पत्रा होता, अर्धा जोडलेला. त्याने मुखवटा तोंडावर ओढला आणि उरलेला जोड पुरा केला. जोड वाकडा गेला. कॅनडातल्या त्या कारखान्यात सहा वर्षांत त्याचा एकही जोड वाकडा गेला नव्हता. फोरमनने मागून येऊन खांद्यावर हात ठेवला. भारतने तो इतक्या जोरात झटकला की शेजारच्या दोघांनी काम थांबवलं.

तो गावी, धावड्याला पोहोचला तोवर चार दिवस झाले होते. सगळं उरकलं होतं. राखसुद्धा सावडून झाली होती. अंगणात सतरंजीवर माणसं बसली होती, ती त्याला बघून उठली. त्याने बॅग खाली ठेवली नाही.

“दोन दिवस थांबता आलं न्हाई तुम्हाला?”

चुलते बद्रीनाथ म्हणाले, “कुठं ठेवावं बाबा? तू कवा येशील त्याचा भरोसा न्हाई. तुझी माय पडली तवा बारा दिवसांनी उगवला व्हतास.”

दाराच्या आडून अर्पिता बघत होती. सात वर्षांची. गेल्या दोन वर्षांत तिने त्याला फक्त फोनवर पाहिलं होतं. भारतची आई गोजरबाईने तिला पुढे ढकललं. पोरगी दोन पावलं आली आणि थांबली.

“फोनमधल्यापेक्षा काळे दिसता तुम्ही,” ती म्हणाली.

एक-दोघांना हसू आलं. भारतला आलं नाही. तो तिला जवळ घ्यायला वाकला, तेवढ्यात ती वळली आणि आत गेली. आत तृप्ती होती. संपतची बायको. सात वर्षांपूर्वी अर्पिताला जन्म दिला तो तृप्तीने.

नऊ वर्षं भारत आणि दैवशालाला मूल नव्हतं. संपतला आधी दोन मुलगे होते. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा तृप्तीनेच ती आपल्या जाऊबाईच्या ओटीत घातली. गावजेवण झालं, भोकरदनला दत्तकपत्र रजिस्टर झालं. दैवशालाने पोरीला तृप्तीला ‘काकू’ म्हणायला शिकवलं. पुढे भारतला तिकडे कायम राहायची परवानगी मिळाली. त्याने बायकोला आणि मुलीला बोलावून घेण्याचा अर्ज केला. बायकोचा मंजूर झाला. मुलीचा नामंजूर.

“तू तरी ये,” तो म्हणाला होता. “पोरीचं मागून बघू.”

“मी तिला सोडून बाथरूमला जात न्हाई, कॅनडाला कशी येऊ?” दैवशाला हसून म्हणाली होती. तिने भोकरदनला खोली घेतली, पोरीला इंग्रजी शाळेत घातलं आणि वाट बघत राहिली.

नामंजुरीचं पत्र भारतला तोंडपाठ होतं. दत्तक खरं आहे की पोरीला परदेशात नेण्यापुरतं केलेलं आहे, हे बघायला कॅनडाच्या व्हिसा कचेरीकडून एक बाई धावड्याच्या घरी आली होती. तिने अहवाल दिला. अंगणात चोवीस माणसं होती. पुरणाचा स्वयंपाक होता. मुलगी जन्मदात्या बापाच्या मांडीवर बसली होती, जन्मदाती आई तिचं तोंड पुसत होती. सोबत फोटो जोडला होता. पत्रात निष्कर्ष होता: जन्मदात्यांशी मुलीचं नातं तुटल्याचं दिसत नाही. पोरगी तोंड पुसून घेताना “काकू, पुरे” म्हणाली होती, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी भारतचा फोन त्याच वाक्यावर यायचा. कशाला गाव गोळा केलं? एवढी बी.ए. झालेली तू, तुला अक्कल नको? दैवशाला ऐकून घ्यायची. थोड्या वेळाने विचारायची, “जेवले का?”

अपिलाची तारीख आता लागली होती. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, कॅमेऱ्यासमोर. अकराव्या दिवशी तिकडच्या वकीलबाईंचा फोन आला. त्या अमृतसरच्या होत्या, हिंदीत बोलायच्या. त्यांनी आधी दुःख व्यक्त केलं. मग म्हणाल्या की पत्नीचं शपथपत्र आपल्याकडे आहे, ते तसंच दाखल राहील.

“ती नसली तरी चालतं?”

“चालतं. खरं सांगायचं तर आता तिला उलटे प्रश्न कोणी विचारू शकणार नाही.”

भारतच्या ओठांपर्यंत शिवी आली होती. पण त्याने “ठीक आहे” एवढंच म्हटलं. पोरगी तर न्यायची होती.

तेराव्याचं जेवण झालं. पाहुणे पांगले. पत्र्याखाली घरची माणसं उरली तेव्हा बद्रीनाथ काकांनी सुपारी कातरत विषय काढला.

“हे बघ भारत. झालं ते झालं. पोरगी हितंच राहू दे. संपतच्या दोघांत तिसरी. तू चाळिशीचाबी न्हाईस अजून. एखादं चांगलं स्थळ बघू, तिकडं घेऊन जाय.”

“तिसरी?” भारत उभा राहिला. “दत्तकपत्र झालंय काका. ती माझी पोरगी हाय.”

“कागदावर हाय. त्या कागदाला तुझा कॅनडाच इचारीना.”

“कॅनडाचं बघतो मी. तुमचं सांगा.” तो संपतकडे वळला. “बोल की. ती बाई तपासायला आली त्या दिवशी तू आणि तुझी बायको कामून आले व्हते हितं? लेकरू देऊन मन भरलं न्हाई का? मांडीवर घ्यायची काय गरज व्हती?”

“दादा...”

“थांब. मी बोलून राह्यलो ना. माझी बायको तीन दिवस तापात पडून व्हती. तीन दिवस! तासाभराच्या वाटेवर तुम्ही. गाडी हाय, फोन हाय. कुत्र्याला तरी वास आला असता. शेवटी शेजारणीनं दार वाजवलं. शेजारणीनं! आन तुम्ही इथं काय करत व्हते? कापूस येचत?”

संपत खाली मान घालून बसला होता. त्याचा अंगठा सतरंजीचा एकच धागा ओढत राहिला.

“कुणी खोलीवर पाय ठिवू नका, असं म्हणले व्हते तुम्ही.”

कोण बोललं ते भारतला आधी कळलंच नाही. लग्न होऊन अकरा वर्षं झाली तरी तृप्ती थोरल्या दिरासमोर कधी बोलली नव्हती. पाणी द्यायचं असलं तरी पोराच्या हाती पाठवायची. आता ती चुलीपासून उठून उंबऱ्यापर्यंत आली होती. डोक्यावर पदर होता. हातांना पीठ तसंच होतं.

“दोन वर्षं झाली, दादा. पोरीला धावड्याला आणायचं न्हाई, आम्ही भोकरदनला जायचं न्हाई. कुणी बघंल, कुणी फोटो काढंल. मी बाजाराला गेले तरी त्या गल्लीनं जात नव्हते.”

“तृप्ती, आत जाय,” गोजरबाई म्हणाली.

“जाते, माय. सांगून जाते.” तिचा आवाज चढला नाही. “ताप आल्ता त्या दिवशी अक्काचा फोन आल्ता मला. मला उठवत न्हाई, पोरीच्या डब्याला जल्दी होईल असं काय करू, म्हणली. मी म्हणलं, मीच येते. तर म्हणली, नको बाई. अपील जवळ आलंय. त्यायला कळलं तर परत बोलतील.”

भारतने तोंड उघडलं. पण तृप्तीचं संपलं नव्हतं.

“आन ती बाई तपासायला येणार व्हती तवा सगळ्यांला अक्कानं बोलावलं न्हाई. तुम्ही बोलावलं. फोन स्पीकरवर व्हता, मी भाकरी थापत व्हते. समदं गाव बोलव, पोरगी वाऱ्यावरची न्हाई हे दिसू दे त्यांला, म्हणले. संपतच्या मांडीवर बसव, बाप राजीखुशीनं देऊन राह्यला हे कळू दे. अक्का म्हणलीबी, कागदाचं काम हाय, कुणाला तरी इचारा. तुम्ही म्हणले, तुला काय कळतं.”

काकांचा अडकित्ता थांबला.

“खोटं बोलती ही,” भारत म्हणाला. पण ते तो कोणाकडे बघून म्हणाला नाही.

तो फोन केला तेव्हा कॅनडात, कारखान्याच्या मोटारी उभ्या करायच्या जागेत, बर्फात, तो पोळीची गुंडाळी खात चालला होता. त्या वर्षी तिकडे कायम राहायचं कार्ड हातात आलं होतं. त्याला सगळं गाव दिसत होतं, पुरणाचा वास येत होता. एखाद्या घरचं मूल आहे म्हणजे काय, ते या लोकांना एकदा दाखवावं असं त्याला वाटलं होतं. मुलाचं घर बघायला पाहुणे येतात तेव्हा घर भरलेलं दिसावं लागतं. रिकाम्या घरात कोण पोरगी देतं? तो जोरजोरात बोलत होता. काय बोलला ते आता शब्दाला शब्द आठवत होतं.

“मंग तिनं मला कामून सांगितलं न्हाई?” त्याचा आवाज फाटला. “दोन वर्षं मी तिलाच... एकदा तरी म्हणायचं व्हतं. एकदा!”

“मी म्हणलं तिला, सांग की,” तृप्ती म्हणाली. “तर हसली. म्हणली, ते तिकडं एकटे असत्यात. राग काढायला माणूस लागतं.”

ती आत गेली. आतून भाकरी थापल्याचा आवाज परत सुरू झाला.

भारत माडीवरच्या खोलीत गेला आणि फाईल उघडली. शपथपत्र मराठीत होतं, मागे इंग्रजी भाषांतर. भोकरदनला नोटरीसमोर केलेलं. मजकूर त्यानेच वकीलबाईंकडून लिहून घेतला होता आणि फोनवर दैवशालाला पाठवला होता. त्याने तो आतापर्यंत नीट वाचला नव्हता, कारण तो खराच आहे असं तो धरून चालला होता.

‘मी, सौ. दैवशाला भारत सोनुने, शपथेवर लिहून देते की, भेटीच्या दिवशी सर्व नातेवाईकांना मी स्वतः, माझ्या मर्जीने बोलावले. माझ्या पतीस त्याची कल्पना नव्हती. मी कमी शिकलेली असल्याने त्याचा परिणाम मला समजला नाही. ही चूक सर्वस्वी माझी आहे.’

कमी शिकलेली. तो स्वतः आयटीआय झालेला, ती बी.ए. तिने सही इंग्रजीत केली होती, प्रत्येक अक्षर सुटं आणि स्वच्छ. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ती पोरीला शाळेत सोडून नोटरीच्या टपरीपुढे रांगेत उभी राहिली असेल, हे वाचलं असेल आणि सही केली असेल. त्या रविवारीही तो फोनवर तेच बोलला होता. आणि तिने विचारलं होतं, “जेवले का?”

त्याने भिंतीवर मूठ मारली. परत मारली. बोटांची सालं निघाली. खालून कोणी वर आलं नाही.

वकीलबाईंचा फोन लागला तेव्हा तो दैवशालाच्या शपथपत्राबद्दल शब्दही बोलला नाही. एवढंच विचारलं की एखादं शपथपत्र चुकीचं निघालं तर काय होतं.

“किती चुकीचं?”

“पूर्ण.”

“मग ते विचारतील की बाकीचे कागद तरी खरे कशावरून. दत्तकपत्र कशावरून. भारतजी, मला आत्ता काही सांगू नका. नीट विचार करा. काही बदलायचं असेल तर गुरुवारपर्यंत कळवा. नसेल तर फोनच करू नका.”

तो फाईल बांधत होता तेव्हा अर्पिता जिना चढून आली. वेण्या ताज्या घातलेल्या होत्या. ती दारात उभी राहिली.

“पप्पा, मी काकूच्या हातानं जेवू का?”

“मला कामून इचारती?”

“मम्मी म्हणायची, पप्पाला इचारल्याबिगर काकूजवळ जायचं न्हाई.” तिने त्याच्या बोटांवरच्या रक्ताकडे बघितलं. “मी पटकन जेवंन. खिडकी लावून.”

“जा.”

ती गेली नाही. “कुणी फोटो काढला तर?”

त्याने हातानेच तिला जायची खूण केली. ती एकेक पायरी उतरत गेली. मग खालून तृप्तीचा आवाज आला, “ये गं,” आणि खिडकी ओढून घेतल्याचा आवाज आला.

आज गुरुवार आहे. सुनावणी सोमवारी आहे. अर्पिताचे फोटो, शाळेचा दाखला, दैवशालाच्या मृत्यूचा दाखला, सगळं फाईलला लागलं आहे. माणसं भारतने बोलावली होती, हे वकीलबाईंना कळवायचं अजून राहिलं आहे.