सुटलेली पुडी

प्रभुभोजनाचं ताट आलं तसं अंबाजीनं पावाचा तुकडा न उचलताच ते शेजारी बसलेल्या थोरल्या भावाकडे सरकवलं. भरमू कालच मच्छेहून मुक्कामाला आला होता. त्यानं ताट घेतलं आणि तिथंच थांबवलं.

"तू घेतलं न्हाईस की," तो कुजबुजला.

"तू घे, अण्णा. मला नगं."

निपाणीच्या त्या लहानशा चर्चमध्ये अंबाजीची ही खोड सगळ्यांना ठाऊक होती. त्याचं पोट नाजूक असावं, असं बायकांनी ठरवून टाकलं होतं. खरं कारण त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. पतसंस्थेत शिपाई म्हणून त्याचा जन्म गेला. तारण ठेवलेल्या दागिन्यांच्या पुड्या तिजोरीतून काढून आणणं हे त्याचं काम. त्यामुळे पाळकसाहेब व्यासपीठावरून तारणाविषयी, म्हणजे पापातून सुटण्याविषयी, बोलू लागले की त्याच्या डोळ्यांपुढे ती तिजोरीच यायची. देणं फिटल्याशिवाय पुडी सुटत नाही. आपण तर फेडायला सुरुवातसुद्धा केलेली नाही, मग कुठल्या तोंडानं हा पाव खायचा?

"का नगं?" भरमूनं ताट मांडीवरच ठेवलं. मागच्या बाकावर राजाबाई खोकली.

सांगितलं तर अण्णा उठून जाईल, पुन्हा तोंड बघणार नाही. न सांगता मेलो तर देवापुढे कसं उभं राहायचं, ही भीती त्याहून मोठी होती.

"अण्णा, ती तंबाकूची वखार माज्या बिडीनं पेटलती. तुज्या न्हवं."

तरुणपणी, अंबाजी पतसंस्थेत लागण्याआधी, दोघे भाऊ एकाच वखारीत कामाला होते. मालकानं दरडावून विचारलं तेव्हा भरमू पुढे झाला, माझ्याच हातनं झालं म्हणाला. त्याची नोकरी गेली आणि बाकीचा जन्म मच्छेच्या फाउंड्रीत भट्टीपुढे गेला. स्वतःचीच बिडी लागली असं अण्णाला वाटतंय, असं समजून अंबाजी गप्प बसला तो बसलाच.

"ठाव हाय मला," भरमू म्हणाला.

"आँ?"

"त्या दिशी माजा घसा धरलता. बिडीला हातबी लावला नव्हता मी."

"मग तू का म्हणालास तसं?"

"तुजं लगीन ठरलतं. नोकरी गेल्यावर पोरगी कुणी दिली असती रं तुला? तोंड तरी काय बघण्याजोगं हाय व्हय तुजं?"

अंबाजीला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. "माफ कर, अण्णा."

"ते कवाच केलंय. पर मी भट्टी सोसली ती तू उपाशी बसावंस म्हणून व्हय?" भरमू आता चिडला होता. "सुटलेली पुडी परत तिजोरीत ठेवाय लागलायस. माजंबी वाया, आन् त्येचंबी." त्यानं हनुवटीनं समोरचा क्रूस दाखवला.

"ओ, ताट पुढं पाठवा की," राजाबाई मागून म्हणाली. "आमालाबी तारण पायजे."

भरमूनं ताट पुढे केलं. भट्टीनं भाजून तुकतुकीत झालेला त्याचा हात अंबाजीच्या छातीशी येऊन थांबला. अंबाजीनं तुकडा उचलून तोंडात टाकला. नखाएवढा तर पाव, पण तो गिळायला त्याला बराच वेळ लागला. किती हलकं वाटतंय, हे त्याला कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

मग त्यानं भावाच्या हातातलं ताट काढून घेतलं, दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाला, "घे, अण्णा."