माया मला तोंडपाठ म्हणायची

मी कार्ड बोलतोय. पत्त्यांतलं नव्हे, लग्नातलं नव्हे, आधारचं तर नव्हेच नव्हे. शाळेत पोराला वाचता येतं का, हे बघायला सर ज्याच्यावरून वाचून घेतात ना, ते कार्ड. वरच्या अंगाला सुटी अक्षरं, खाली शब्द, मग चार वाक्यं आणि तळाला एक बारकी गोष्ट. पोरगं जिथं अडकेल तिथं त्याची पातळी ठरते. एवढंच माझं काम, पण त्यातही जिवाला स्वस्थता कशी ती नाही. तेव्हा बोलू द्या, मधे तोडू नका.

माझा जन्म सांगलीत, विश्रामबागेतल्या एका छापखान्यात झाला. शाई वाळते न वाळते तोच मला लॅमिनेशनच्या तापलेल्या यंत्रात ढकललं. पाठीपोटाला असा चटका बसला म्हणता! बाहेर आलो तो अंगावर प्लास्टिकचं कातडं चढवूनच. मग गठ्ठा बांधला, एसटीच्या टपावर टाकला आणि धक्के खात मी जत तालुक्यात पोचलो.

तिथं माळावर धनगरांची एक वस्ती आहे. शाळेच्या दोन खोल्या, एक बोअर आणि पुढं उघडा माळ. आष्ट्याचे कपिल सर तिथं शिकवायला होते. तरणे, सडपातळ, सदऱ्याच्या खिशात कायम खडू. शिकवताना ते एका जागी उभे म्हणून राहायचे नाहीत. मला हातात धरलं तरी कागदाला वारा घालावा तसं हलवत राहायचे. आमचं दोघांचं बरं जमलं.

पोरांची मात्र गंमत असते हो. एकाचे हात घामानं चिकट, दुसरं नाक ओढत वाचतं, तिसरं अक्षरावर असं नख दाबतं की मला वाटावं, आता आरपार जातंय. शब्द आला नाही की सरांच्या तोंडाकडं बघतात. अहो, शब्द माझ्यावर लिहिलाय, सरांच्या तोंडावर नाही! आणि तपासणीला साहेब लोक आले की त्यांचं एकच, किती पोरांना येतंय आणि किती राहिलीत. आकडा घेतला की गाडी चालू. त्या गाडीच्या आवाजानं सरांच्या कपाळावर आठी पडायची ती मला जवळून दिसायची.

त्यातच एक घोळ होता. एक पोरगं वाचत असताना बाकीची रांगेत बसलेली असायची. ऐकायची. वर्षानुवर्षं तीच गोष्ट, तोच मी. माझी गोष्ट अशी : गावात जत्रा भरली. सोनूने लाल फुगा घेतला. फुगा वाऱ्याने उडाला आणि लिंबाच्या झाडात अडकला. आता एवढंसं ऐकून ऐकून कुणाला पाठ होणार नाही? रांगेतल्या पोरांचे ओठ वाचणाऱ्याच्या बरोबरीनं हलताना मला दिसायचे.

तिसरीत माया नावाची पोरगी होती. धनाजी नावाच्या मेंढपाळाची लेक. दिवाळीच्या तोंडावर तिचे आईबाप मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे, ते पावसाळ्यालाच परत यायचे. या मुक्कामाला वाडा म्हणतात. माया तेवढे महिने आजोबांजवळ वस्तीवर राहायची. आजोबा म्हणजे नाथाजी. गुडघे गेल्यामुळं त्यांचं वाड्यावर जाणं सुटलं होतं, पण गळा शाबूत होता. देवाच्या ओव्या लावल्या की पहाट व्हायची आणि एक शब्द इकडचा तिकडं व्हायचा नाही. ही पोरगी त्यांच्या मांडीला टेकून ऐकायची. एकदा कानावर पडलं की गेलं डोक्यात, ते कायमचं!

त्या वर्षी धनाजीनं शाळेत येऊन सरांना स्पष्ट सांगितलं, "सर, मला वाचाय येत न्हाई. फाट्यावर एसटीची पाटी दुसऱ्याला इचारावी लागती. पोरीवर ती पाळी नगं. तेवढं वाचाय आलं की मी तिला वाड्यावर न्हेतो. न्हाई आलं तर ऱ्हाऊ द्या अजून एक वरीस हितंच."

माया दारामागं उभी होती. तिनं ते ऐकलं आणि तिच्या मनानं काय घेतलं असेल? वाचून दाखवलं की आईजवळ जायला मिळतंय! आई नसलेले ते लांबच लांब महिने तिला नको झाले होते. आठ वर्षांचं लेकरू ते, दुसरं काय घेणार मनावर?

श्रावणात तपासणी आली. त्याआधी एक उपद्व्याप झालेला. दुपारच्या जेवणात कुणाच्या तरी ताटातली आमटी माझ्यावर सांडली, फाटक्या कोपऱ्यातून आत शिरली आणि 'लिंबाच्या' हा शब्द पिवळ्या डागाखाली पार गडप झाला. वाचणारं पोर तिथं आलं की थांबायचं. "सर, हितं काय हाय? दिसंना." सर म्हणायचे, "सोड ते, पुढचं वाच." सगळी सोडत गेली.

मग मायाची पाळी आली. धनाजी बाहेर पायरीवर बसलेले. मायानं मला दोन्ही हातांनी धरलं आणि सुरू केलं. काय तो सूर! काय ती चाल! गावात जत्रा भरली, सोनूने लाल फुगा घेतला, फुगा वाऱ्याने उडाला आणि लिंबाच्या झाडात अडकला.

अडखळली नाही, थांबली नाही. आमटीच्या डागावरून पोरगी अशी सुसाट गेली की मी गारच पडलो. तिचे डोळे माझ्यावर नव्हतेच. ते पायरीवर, बापाच्या पटक्यावर होते. मी मनातल्या मनात ओरडत होतो, सर, बघा की! अहो, बघा की!

सरांचा पेन टिक मारायला तक्त्यावर टेकला होता. सकाळीच साहेबांचा फोन येऊन गेला होता, यंदा एक पण पोर मागं दिसता कामा नये म्हणून. टिक मारली असती तर सगळे खूश. साहेब खूश, धनाजी खूश, माया तर नाचलीच असती.

पेन थांबला. सरांनी गोष्टीतल्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. "हा कोणता गं?"

मायाचे ओठ हलायला लागले. गावात... जत्रा... भरली... सोनूने... अशी सुरुवातीपासून म्हणत म्हणत ती त्या शब्दापाशी यायला निघाली. वाटेत चुकली. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सर उठून दारात गेले. "धनाजीराव, अजून नाही. पोरगी लई हुशार आहे, पण वाचत नाही, पाठ म्हणते."

मायानं मला जमिनीवर आपटलं. "ह्ये कार्डच खोटं हाय!" म्हणाली आणि माळावर पळून गेली. मला लागलं, पण तिचा राग नाही आला. खरं सांगू का, तिचं म्हणणं मला पटलं होतं.

मग सरांनी मला चक्क त्यांच्या दप्तरात कोंबलं आणि आठवडेच्या आठवडे बाहेर काढलं नाही. अशी तळमळ झाली म्हणता! दप्तराच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढं बघायचो. शाळा सुटल्यावर सर मायाला थांबवायचे. ती मेंढरांबद्दल जे बोलेल ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहायचे. काळं कोकरू आईमागं पळालं. आज्ज्यानं घोंगडं टाकलं. आपलंच बोलणं ते, माया एका दमात म्हणून दाखवायची. मग सर कात्रीनं त्याचे शब्द शब्द कापायचे आणि भुईवर विस्कटून टाकायचे.

"आवं सर, माझी समदी मेंढरं उधळली की!" माया चिडायची.

"मग गोळा कर. कोकरू कुठंय दाखव. घोंगडं कुठंय?"

आता पाठांतर काय कामाचं? कधी घोंगडं आधी यायचं, कधी कोकरू. पोरीला नाइलाजानं कागदाकडं बघावं लागलं. पहिले दिवस नुसती रडारड. एकदा तिनं सगळे तुकडे बोअरच्या डबक्यात फेकले. सरांनी दुसऱ्या दिवशी नवीन कापून आणले. हळूहळू तिला 'घोंगडं'मधला 'घ' 'घर'मध्ये भेटला, 'कोकरू'तला 'क' 'कालवा'त भेटला. दर शनिवारी सर नव्या चिठ्ठ्या टाकून बघायचे, काय आलं, काय राहिलं. जे राहिलं तेच सोमवारी पुन्हा. मी आत धुसफुसत होतो. मोजायचं काम माझं आणि मजा चिठ्ठ्यांची!

एके दिवशी माया धापा टाकत आली. "सर, फाट्यावरची पाटी मी वाचली! आज्ज्याला म्हटलं ही एसटी सांगलीची हाय, तर खरंच सांगलीची निघाली!" त्या दिवसापासून तिला वाचनाचं खूळच लागलं. बिस्किटाचा पुडा, औषधाची बाटली, टेम्पोच्या मागचं, काही सोडायची नाही. शाळेतली गोष्टींची पुस्तकं घरी न्यायची आणि आजोबांना वाचून दाखवायची. मग एक दिवस तिनं हळूच विचारलं, "सर, वाड्यावर पुस्तकं असत्यात का वो?"

"नसतात गं," सर म्हणाले. मायानं हातातलं पुस्तक उघडून पुन्हा मिटलं. मला तिथूनच चैन पडेना.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी धनाजी शाळेत आले. वस्तीवर घोड्यावर बोजा चढत होता, मायाची आई भांडी बांधत होती. आल्या आल्या म्हणाले, "काय सर, आलं का वाचाय?"

सरांनी मला बाहेर काढलं. मायानं धरलं आणि वाचायला लागली. "गा... गा... वात... ज... ज..."

अगं ए! काय करतेस हे? तुझे डोळे नीट ओळीवर आहेत, तुला सगळं दिसतंय, मला कळत नाही होय? तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मागं येत नसताना येतंय म्हणाली होती, आता येत असून येत नाही म्हणत होती. पोरीला शाळेत राहायचं होतं. मी हसू का रडू, अशी माझी गत झाली.

सरांनी तिच्या डोळ्यांकडं पाहिलं. मग म्हणाले, "माया, कार्ड उलटं कर."

माझ्या पाठीवर त्यांनी आदल्या दिवशी एक कागद चिकटवला होता. त्यावर त्यांच्या स्वतःच्या हातची गोष्ट. कुणी कधी न ऐकलेली. माया पहिली ओळ अशीच तोडत तोडत वाचू लागली. कालव्यापलीकडं वाडा पडला होता. दिवस मावळला तरी काळी मेंढी आली नाही. तिच्या पोटात पिल्लू होतं. इथं मायाचं अडखळणं थोडं कमी झालं. एक पोरगी काठी घेऊन तिला शोधायला निघाली. माया मला नाकाजवळ घेऊन भराभर वाचायला लागली. ऊस वाऱ्यानं सळसळत होता. पोरीनं हाक मारली. उसात दोन डोळे चमकले.

माझी पाठ तिथंच संपली होती.

"आन फुडं?" माया ओरडली. "सर, फुडं काय झालं?"

ओरडली आणि तिनं जीभ चावली. पण वेळ गेली होती.

धनाजी ताडकन उठले. "आलं की वाचाय! लय ब्येस! चल, आई वाट बघत्या."

मायानं मला छातीशी दाबलं. तिचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं. "आबा, मला आईची लय आठवण येती," ती बापाला रडत म्हणाली, "पर मला न्हाई यायचं."

सर मधे पडले. "धनाजीराव, खोटं बोलत नाही. तिला वाचता येतंय. तुम्ही म्हणाला होता तेवढं झालं. पण आत्ता कुठं तिला गोडी लागलीय हो. आता तोडू नका."

धनाजी दारापर्यंत गेले. पटका काढला, पुन्हा बांधला. मला वाटलं, गेले हे, संपलं सगळं. तेवढ्यात ते वळले.

"सर, त्ये डोळं कशाचं हुतं?"

"कुठले?"

"उसातलं. बिबट्याचं हुतं का मेंढीचं?"

सर हसले. "पुढचे कागद कपाटात आहेत. ते मायाच वाचेल."

धनाजी लेकीपाशी आले. मग म्हणाले, "आमी आष्ट्याच्या बाजूला वाडा घिऊन बसतो माये. तितं लय ऊस हाय. रोज थोडं थोडं वाचून फोनवर सांग मला." आणि मागं न बघता वस्तीकडं चालू लागले.

आता मी कपाटात असतो. कोपरे उकललेत, आमटीचा डाग आणखी पसरलाय. संध्याकाळी पायरीवर माया सरांच्या फोनवर बापाला वाचून दाखवते. कधी मधेच आईचा आवाज येतो, मग दोघी थोडा वेळ रडतात आणि वाचन पुन्हा सुरू होतं. मला नुसती गुणगुण ऐकू येते, शब्द कळत नाहीत.

पोरांना किती येतंय ते जरूर बघा, त्याला माझी ना नाही. पण बघून झाल्यावर हात झाडून उठू नका, पुढचं पान तयार ठेवा. आणि एक विनंती. कधी त्या वस्तीवर गेलात तर कपाट उघडून मला एवढं सांगा, त्या उसातले डोळे कशाचे होते? पाठीवर गोष्ट घेऊन मी इथं पडलोय आणि पुढचं एक अक्षर मला माहीत नाही.